पुरावा बोलतो तेवढंच

शिबिराला मुलं येतात ती आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट आणि वर्धा अशा आठही तालुक्यांतून. बहुतेक आठवी-नववीची. कुणी शिष्यवृत्ती परीक्षेत गुणवत्ता यादीत आलेलं, कुणी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीचीच दुसरी परीक्षा पास झालेलं, कुणाचा प्रयोग विज्ञान प्रदर्शनात जिल्ह्यापर्यंत गेलेला. दिवाळीच्या सुटीत, शेतात कापसाची वेचणी चालू असताना, ही सगळी वर्ध्याजवळच्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहात राहायला येतात आणि फॉरेन्सिक म्हणजे न्यायसहायक विज्ञान शिकतात. माझी नोकरी सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत झाली. निवृत्तीनंतर या मुलांना शिकवणं हे मला मिळालेलं सगळ्यात समाधानाचं काम आहे.

पहिल्या संध्याकाळी मी विचारतो, फॉरेन्सिकवाला नेमकं काय करतो? उत्तर ठरलेलं असतं. ‘सीआयडी’ मालिकेतले डॉक्टर साळुंखे परीक्षानळी हलवतात आणि गुन्हेगाराचं नाव सांगतात. या मालिकेचे आपल्यावर उपकारच आहेत. प्रयोगशाळा नावाची एक जागा असते आणि तिथे गुन्ह्याचा उलगडा होऊ शकतो, हे तिनं खेड्यापाड्यातल्या पोरांपर्यंत पोचवलं. मात्र खऱ्या प्रयोगशाळेत नमुन्याला क्रमांक मिळतो, तो आपल्या पाळीची वाट पाहतो आणि शेवटी त्याच्यातून जे उत्तर निघतं ते फार अरुंद असतं. ‘या कपड्यावर मानवी रक्त आहे.’ ‘या द्रवात इथाइल अल्कोहोल आहे.’ एवढंच. नाव नाही, गोष्ट नाही. या अरुंद उत्तराचा मान राखायला शिकवणं, हेच मी शिबिराचं काम मानतो.

सुरुवात पंचनाम्यापासून होते. मला वाटायचं, हा शब्द मुलांना समजावून सांगावा लागेल. पण विदर्भातल्या मुलांनी पंचनामा घरात पाहिलेला असतो. अतिवृष्टी झाली, गारपीट झाली की तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येतात, किती पीक गेलं ते लिहितात आणि त्या कागदावर मदत अवलंबून असते. लिहिलं गेलं नाही ते घडलंच नाही असं धरलं जातं, हे या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून वर्गखोलीत मांडलेल्या घटनास्थळी ती शिरतात तेव्हा लवकरच त्यांचा हात आखडतो. आधी दारातून बघायचं, मग फोटो, फोटोत मोजपट्टी, मग नकाशा, त्यात दोन स्थिर जागांपासूनची अंतरं आणि सगळ्यात शेवटी वस्तूला हात. दोन मुलं पंच होतात. त्यांनी जे स्वतः पाहिलं तेवढ्यावरच सही करायची.

मग सील. पुडकं बांधायचं, लाख वितळवायची, मोहर उठवायची आणि त्याच मोहरेचा एक नमुना वेगळ्या कागदावर पाठवायचा. प्रयोगशाळेत मुद्देमाल आला की पहिलं काम यंत्रावर होत नाही. सील शाबूत आहे का आणि पाठवलेल्या नमुन्याशी जुळतं का, हे डोळ्यांनी बघावं लागतं. ते जुळत नसेल तर आतली तपासणी कितीही अचूक असो, न्यायालयात तिचा पाया डळमळतो. मुलांना लाखेचं काम फार आवडतं. पण सीलनंतर पुडकं कुणाकडून कुणाकडे गेलं, किती वाजता गेलं, याची नोंद ठेवायला सांगितली की त्यांना कंटाळा येतो. तिथे मी घाई करत नाही. एका शिबिरात एका गटाची एकच नोंद राहिली होती. अभिरूप न्यायालयात त्यांचा सगळा पुरावा त्या एका ओळीवर अडला आणि त्यानंतर नोंदवही कशासाठी असते हे मला कुणाला सांगावं लागलं नाही.

फ्रान्समधल्या लियाँ शहरात 1910 मध्ये एडमंड लोकार्ड यांनी पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की एकीचं काही ना काही दुसरीवर जातं, हे त्यांचं तत्त्व प्रत्येक पुस्तकात असतं. ते वर्ध्यात शिकवताना इथली माती आणि इथला कापूस मदतीला येतात. मुलं आपापल्या चपलांचे तळवे खरवडून माती आणतात. काळी माती, मुरूम, धाम नदीची रेती. भिंगाखाली फरक दिसतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं, ‘सर, संशयिताच्या चपलेला काळी माती हाये, मंग थोच तिथं गेला होता.’ मी त्याला स्वतःची चप्पल उलटी करायला सांगतो. मग वर्गातल्या सगळ्यांच्या चपला उलट्या होतात. जवळजवळ प्रत्येकीला काळी माती.

धाग्यांचंही तेच. कपड्यावरचे तंतू पारदर्शक चिकटपट्टीनं उचलायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. सुती तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, पॉलिएस्टरचा गुळगुळीत काचेच्या कांडीसारखा. मुलांना दर पट्टीवर पांढरे सुती तंतू सापडतात आणि त्यांना वाटतं, पुराव्याची खाण लागली. पण जगभरातले तंतुतज्ज्ञ पांढऱ्या साध्या सुताला जवळपास काहीच किंमत देत नाहीत, कारण ते सगळीकडे असतं. कापसाच्या या जिल्ह्यात तर ते हवेतही तरंगतं. पुराव्याचं वजन तो सापडला यावर ठरत नाही, तो इतरत्र सापडणं किती दुर्मीळ आहे यावर ठरतं. मोठमोठ्या तज्ज्ञांचे वाद ज्या संभाव्यतेच्या गणितावर चालतात, त्याचं बीज एवढंच आहे. नववीतल्या पोरांना ते चप्पल उलटी करून कळतं.

ठशांच्या दिवशी वर्ग सगळ्यात जास्त रंगतो. शाई, काचपट्टी, दहा बोटं. शंख, चक्र, कमान ही नावं घराघरात आधीच माहीत असतात. कुणाच्या बोटांवर किती चक्रं, यावरून आजीनं भविष्यही सांगितलेलं असतं. मुलांनी सगळ्या वर्गाची मोजणी केली की शंखाकृती ठसे निम्म्याहून अधिक भरतात, चक्रं त्याखालोखाल आणि कमानी अगदी थोड्या. जगातही साधारण हेच प्रमाण आहे. मग काचेवर पावडर, कागदावर निनहायड्रिन. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन जांभळा ठसा हळूहळू वर येतो तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही.

ठशांच्या शास्त्राची जन्मकथा भारतातली आहे. 1897 मध्ये कोलकात्यात जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झालं. वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावानं ओळखली जाते, पण तिचं गणिती काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलिस अधिकाऱ्यांनी केलं होतं. त्याच सुमारास जलपायगुडी भागात चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, पैसे चोरीला गेले. त्याच्या सामानातल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला ठसा होता. तो पूर्वीच्या एका नोकराच्या, कांगाली चरणच्या, नोंदीतल्या ठशाशी जुळला. इथपर्यंत ऐकून मुलं फाशीची वाट बघतात. 1898 मध्ये न्यायालयानं त्याला चोरीसाठी दोषी धरलं, खुनासाठी नाही. ठसा सांगत होता की त्याचा हात त्या पंचांगाला लागला. वार कुणी केला, हे ठसा सांगत नव्हता. इतक्या नव्या विज्ञानापुढे दिपून न जाता न्यायाधीशांनी हा फरक केला, याबद्दल मला आजही आदर वाटतो.

एकदा हे सांगून झाल्यावर देवळी तालुक्यातल्या एका मुलीनं हात वर केला. ‘सर, माह्या आजीचा आंगठा रेशनच्या मशीनवर उठतच नाही. मंग ते माही आजी नव्हे का?’ वर्ग हसला. ती हसली नाही. तिच्या आजीनं उभा जन्म कापूस वेचला, निंदण केलं, शेण सारवलं. बोटांच्या रेषा झिजल्या. ई-पॉस यंत्र ‘जुळत नाही’ म्हणतं आणि म्हातारी रिकामी पिशवी घेऊन परत येते. मी त्या दिवशीचा पुढचा पाठ बाजूला ठेवला आणि तासभर आम्ही याच प्रश्नावर बोललो. रेषा न दिसणं वेगळं आणि रेषा वेगळ्या असणं वेगळं. पहिल्या वेळी उत्तर ‘ही ती नाही’ असं होत नाही, ‘यावरून ठरवता येत नाही’ असं होतं. यंत्राला हा फरक कळत नसेल तर तो माणसाला कळला पाहिजे. फॉरेन्सिकचा सगळ्यात मोठा धडा त्या दिवशी एका चौदा वर्षांच्या मुलीनं आम्हा सगळ्यांना दिला.

याची उलटी बाजूही मुलांना सांगावी लागते, कारण जुळलं असं वाटणंही फसवू शकतं. 2004 मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. तिथे सापडलेल्या पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा आहे, असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी सांगितलं. त्याला दोन आठवडे कोठडीत ठेवलं. स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवल्यावर एफबीआयला जाहीर माफी मागावी लागली. शास्त्र तेच होतं, माणसं अनुभवी होती. त्यांनी ठसा पुरेसा बोलायच्या आधी स्वतः बोलायला सुरुवात केली.

रक्ताची प्राथमिक चाचणी मुलांना दाखवताना मी ती स्वतः करतो. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या रक्ताचा वाळलेला डाग, त्यावर रंग काढून टाकलेलं फिनॉल्फ्थॅलिन, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. क्षणात गुलाबी. मुलं टाळ्या वाजवतात. मग मी मुळ्याचा रस घेतो. तोही गुलाबी होतो. वनस्पतींतली पेरॉक्सिडेज विकरं रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच हे काम करतात. म्हणून गुलाबी रंगाचा अर्थ ‘रक्त असू शकतं, पुढे तपासा’ एवढाच. पुढची पायरी रक्त आहे का हे ठरवते, त्यापुढची ते माणसाचं का जनावराचं आणि त्यापुढची डीएनए. दर पायरीला एकच प्रश्न सुटतो. सेलू आणि कारंजा भागातली बोर व्याघ्र प्रकल्पालगतची मुलं इथे चटकन साथ देतात. रस्त्यावरचा पंजा बिबट्याचा की वाघाचा, हे त्यांच्या गावातली माणसं ओल्या मातीवरून सांगतात. पण तो कालचाच वाघ का, यावर जाणता गुराखी पैज लावत नाही.

आमच्या प्रयोगशाळांत येणाऱ्या कामाचा मोठा भाग या जिल्ह्याशी जोडलेला आहे आणि तो सांगताना मी आवाज सांभाळतो. वर्धा दारूबंदीचा जिल्हा. मोहाचा सडवा, गावठी दारू, बाटल्या पकडल्या जातात आणि त्यांचे नमुने रासायनिक विश्लेषणासाठी जातात. अल्कोहोलचं प्रमाण आम्ही काढून देतो. ती बाटली कुणाच्या घरातली, कुणी गाळली, कोण कुणामुळे प्यायला लागला, हे नमुन्यात नसतं. दुसरा मोठा भाग व्हिसेऱ्याचा, म्हणजे शवविच्छेदनात जपून ठेवलेल्या अवयवांचा. कपाशी-सोयाबीनच्या या पट्ट्यात त्यांत पुन्हा पुन्हा कीटकनाशकं सापडतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातली विषं, त्यांत मोनोक्रोटोफॉस. महाराष्ट्रातल्या रसायनतज्ज्ञांनी पातळ थरावरच्या क्रोमॅटोग्राफीत ही विषं रंगानं ओळखण्याच्या पद्धती बसवल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. शिबिरात आम्ही गाळण कागदावर स्केचपेनच्या शाईचे रंग वेगळे करून तेच तत्त्व दाखवतो.

हे शिकवताना समोर असं एखादं मूल बसलेलं असतं, ज्याच्या घरात हे घडलेलं आहे. त्याच्या चेहऱ्यावरून ते कळतं. मी कुणाला विचारत नाही. मी एवढंच सांगतो की अहवालात विषाचं नाव असतं. फवारताना नाकातोंडातून गेलं की हातानं घेतलं, आणि घेतलं तर का घेतलं, हे आमच्या कोणत्याही यंत्रात दिसत नाही. आणि तो कागद वेळेत पोचणं फार गरजेचं असतं, कारण मदतीच्या प्रस्तावाला तो अनेकदा लागतो. टेबलावरची बरणी ही कुणाच्या तरी घराची थांबलेली वाट असते, हे भावी शास्त्रज्ञांनी लहानपणीच जाणलं पाहिजे.

सेवाग्राम इथून जवळ आहे. 1936 मध्ये गांधीजी त्या गावी राहायला आले, 1969 मध्ये तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिथले न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांची वैद्यकीय तपासणी किती अशास्त्रीय रीतीनं होते, याचा अभ्यास करून अहवाल लिहिला. त्याच्या आधारे 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. पुढे 2014 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी तथाकथित दोन बोटांची चाचणी नाकारली आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं असं बजावलं. मुलांना मी तपशील सांगत नाही. एवढं सांगतो की आपल्याच जिल्ह्यातल्या एका डॉक्टरनं छापील नमुन्यातल्या रकान्यांवर बोट ठेवून विचारलं, ज्या प्रश्नाचं उत्तर ही तपासणी देऊच शकत नाही तो इथे का छापला आहे? जे सांगता येत नाही ते सांगितल्याचा आव आणला की माणसाची विटंबना होते. विज्ञानातला प्रामाणिकपणा आणि माणुसकी इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

शेवटच्या टप्प्यात प्रत्येक गटाला एक प्रकरण मिळतं. त्यांतलं एक मी मुद्दाम असं रचतो की त्याचं उत्तर निघत नाही. ग्रंथालयातून करंडक गेला, ओल्या मातीत बुटाचा ठसा आहे, संशयित दोघं आणि दोघांच्या पायात त्याच कंपनीचे, त्याच मापाचे शाळेचे बूट. एकाच्या टाचेला चीर आहे, पण ठशातला टाचेचा भाग पुसला गेलेला. हुशार मुलांना याचा फार त्रास होतो. पाचवीपासून ती चार पर्यायांतून एक गोल काळा करत आलेली असतात. कोरा सोडलेला गोल म्हणजे गेलेला गुण, हेच त्यांना प्रत्येक परीक्षेनं शिकवलेलं असतं. ती रात्री जागतात, प्लास्टरचा साचा पुन्हा मोजतात, एकमेकांशी भांडतात. ‘सर, बरोबर उत्तर काय हाये, तेवढं सांगा ना जी.’

मग अभिरूप न्यायालय भरतं. वर्ध्याच्या न्यायालयात वकिली करणारे एक स्नेही उलटतपासणीला येतात आणि मुलांना सूट देत नाहीत. एका वर्षी समुद्रपूरकडची एक मुलगी तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभी होती. वकिलांनी आवाज चढवून विचारलं, ‘हा ठसा याच मुलाच्या बुटाचा आहे, हो की नाही?’ ती म्हणाली, ‘ठसा या प्रकारच्या बुटाचा आहे. असे बूट आमच्या शाळेत अर्ध्या मुलांकडं आहेत. टाच उमटली असती तर सांगता आलं असतं. उमटली नाही, म्हणून सांगता येत नाही.’ वकिलांनी तोच प्रश्न तीन प्रकारे फिरवून विचारला. तिनं तीनही वेळा तेवढंच उत्तर दिलं. अनेक वर्षं साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, समोरच्याला हवं असलेलं उत्तर न देता टिकून राहणं हे आमच्या पेशातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे.

त्या रात्री मी मुलांना इंग्लंडमधल्या लेस्टरशायरची हकिगत सांगतो. तिथे दोन शाळकरी मुलींचे खून झाले. 1986 मध्ये रिचर्ड बकलंड नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं त्यांतल्या एकीच्या खुनाची कबुलीही दिली. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी दोनच वर्षांपूर्वी शोधलेलं डीएनए तंत्र पोलिसांनी वापरलं ते कबुली पक्की करायला. निघालं वेगळंच. दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे होते आणि तो माणूस बकलंड नव्हता. खरा गुन्हेगार, कॉलिन पिचफोर्क, 1988 मध्ये शिक्षेला सामोरा गेला. गुन्ह्याच्या तपासात वापरलं गेल्यावर डीएनएनं पहिल्यांदा केलेलं काम म्हणजे एका निरपराध पोराची सुटका. हे ऐकताना सतरा वर्षांच्या अलीकडची ही मुलं फार गंभीर होतात.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं तिनं आवश्यक केलं आहे आणि राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. देशाला या विषयातली माणसं मोठ्या संख्येनं लागणार आहेत. शिबिरातली काही मुलं त्या वाटेनं जातील, याचा मला आनंद आहे. पण बहुतेक जातील शेतीत, बँकेत, पोलिसांत, दवाखान्यात, तलाठी कार्यालयात, वर्तमानपत्रात. त्यांतलं कुणी पंच म्हणून सही करेल, कुणी मोबाइलवर आलेला व्हिडिओ पुढे पाठवायचा की नाही हे ठरवेल, कुणाच्या एका वाक्यावर गावातल्या एखाद्या माणसाची अब्रू टिकेल किंवा जाईल. तिथे प्रयोगशाळा नसेल. पाहिलं तेवढंच सांगायची सवय मात्र असायला हवी.

म्हणून शाळांना आणि परीक्षा घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. दर प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा घाला, ज्याचं बरोबर उत्तर ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ हे असेल. ते लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या आणि ते उत्तर बरोबर का, हे त्याला वर्गासमोर उभं राहून समजावून सांगू द्या. आठ तालुक्यांतली निवडक मुलं शिबिरात जे शिकतात, ते त्या एका प्रश्नातून प्रत्येक बाकावरच्या मुलापर्यंत पोचू शकतं.